त, आडवी रेघ, तडाखा

कुरडईचा चीक शिजायला लागला की आमच्या डोंगरावर परीक्षा आल्या असं समजायचं. घाटकोपरच्या या वस्तीत मोकळी जागा म्हणजे गच्च्या. तिथं बायका जुनी लुगडी अंथरून कुरडया घालतात आणि त्याच गच्च्यांवर पोरं पुस्तक तोंडासमोर धरून फेऱ्या मारतात. एक डोळा पुस्तकात, एक डोळा खाली. ओल्या कुरडईवर पाय पडला तर कुरडईवाली त्या पोराच्या सगळ्या घराण्याचा इतिहास तिथंच सुरू करते.

विहाराच्या माडीवर अभ्यासिका आहे. तिथले पंखे या दिवसांत पूर्ण जोरात फिरतात. संध्याकाळी खिडक्यांतून पाठांतराची गुणगुण येते, मोहोळाला हात लावल्यासारखी. शेवग्याची फुलं गळून पायऱ्या पांढऱ्या होतात, त्यांच्यावरून दरवर्षी कोणीतरी घसरतं. धुळीचा आणि चिकाचा मिळून एक आंबूस वास हवेला येतो. लोक म्हणतात, बरे दिवस असतात हे. थंडी गेलेली, ऊन अजून भाजत नाही. असतील बरे. मला या दिवसांत जेवण जात नाही. ताट समोर आलं की पोटात गोळा येतो. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, माझी कसली परीक्षा? पण माझ्या नातीच्या दहावीच्या वर्षी जो गोळा आला तो दर फेब्रुवारीला परत येतो. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. पित्त असेल तर त्या लागू पडतील.

नातीचं नाव समीक्षा. आम्ही समू म्हणतो. माझा मुलगा मिलिंद आणि सून सुरेखा यांची ही एकुलती एक. ती लहानपणापासून बोलताना अडकते. लोक तोतरी म्हणायचे, पण तोतरं बोलणं वेगळं. हिचे शब्द धड असतात, फक्त पहिलं अक्षर सुटत नाही. दाराची कडी गंजलेली असली की कसं होतं, दोनदा तीनदा हिसका द्यावा लागतो, तसं. लहान असताना मी तिच्या जिभेला वेखंड उगाळून चाटवलं. ती माझ्या अंगावर थुंकली. वेखंड कडू असतं, तिचं काही चुकलं नाही.

आमच्या डोंगरावर तिचं अडकणं कुणाच्या डोळ्यावर आलं नाही, त्याला कारण आहे. इथून विमानं फार खालून जातात. सांताक्रूझकडं उतरायची त्यांना घाई असते. पोटाखालची चाकं दिसतात. विमान आलं की इथला माणूस आहे त्या शब्दावर थांबतो आणि विमान गेलं की तिथूनच पुढं बोलतो. भांडणंसुद्धा अशीच होतात. “तुझ्या नवऱ्यानं कधी...” आणि विमान. दोघी कमरेवर हात ठेवून वाट बघतात. मग, “...गटार साफ केलंय का?” नवीन सून आली की तिला हे कळायला वेळ लागतो. बिचारी विमानाच्या वर ओरडायला बघते आणि घसा बसवून घेते. तर अर्धं वाक्य हवेत टांगून ठेवायची जिथं सगळ्यांनाच सवय, तिथं समूच्या थांबण्याचं कुणाला काय वाटणार?

शाळा खाली, सपाटीवर. तिथं विमानाचा आवाज कमी आणि घाई जास्त.

दहावीच्या त्या वर्षी दिवाळीनंतर तिला वर्गापुढं उभं राहून विज्ञानाच्या प्रकल्पावर बोलायचं होतं. ‘सजीव’ या शब्दावर ती अडकली. स, स, स, स. कुणीतरी मोबाईलवर ते काढलं. त्याच्याखाली ढोल टाकला, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, झालं गाणं. ते शाळेत फिरलं, मग वस्तीत फिरलं. खालच्या गल्लीत एका हळदीला वाजलं आणि पोरं त्याच्यावर नाचली. नाचणाऱ्यांना माहीतही नव्हतं की हा कुणाचा आवाज आहे. शेवटी बार्शीकडून माझ्या चुलत भावाच्या मुलानं ते घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसरी तोंडं. त्यालाही माहीत नव्हतं. मिलिंदनं त्याला फोन केला, तर तो रडायलाच लागला. त्याच्या रडण्याचा आम्हाला काय उपयोग?

मिलिंद शाळेत जाऊन आला. बाईंनी पोरांना बोलावलं, पोरांनी बाईंसमोर पुसून टाकलं. पुसलं ते त्यांच्या मोबाईलमधलं. बाकीच्या मुंबईच्या मोबाईलमधलं कोण पुसणार?

समूनं बोलणं बंद केलं.

कमी केलं नाही, बंद केलं. पाणी हवं असेल तर पेल्यावर नखानं टकटक करायची. भिंतीकडं तोंड करून बसायची. वेणी घालायला सुरेखानं हात लावला की मान काढून घ्यायची. शाळेत जायची, यायची, मधे काय करायची ते तिलाच ठाऊक. सुरेखा मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी हसते. घरी आली की मोरीचा नळ सोडून रडायची. पाणी वाया जातं म्हणून मी नळ बंद करायची, मग तिचा आवाज ऐकू यायचा. मग मीच नळ परत सोडायची.

समोरच्या शेवंताबाई म्हणाल्या, “नवस तरी बोला कुठला.”

“आम्ही नवस करत नाही.”

“मग करता काय?”

“काळजी करतो.”

“त्यानं काय होतं?”

“तुमच्या नवसानं जे होतं तेच.”

त्या रागावल्या. रागावू देत.

एका रविवारी मिलिंदनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि संडासाच्या दाराची आतली कडी काढून टाकली. फिनेलची बाटली पोटमाळ्यावर गेली. उंदरांचं औषध कचऱ्यात गेलं. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून घरातला कुणीही संडासात गेला की आतून खाकरायचा. समू खाकरायची नाही. मग आम्ही तिघं बाहेर उभे राहायचो, कुणी कपडे घड्या करतंय, कुणी डबा शोधतंय, आणि तिघांचेही कान दाराकडं.

हॉस्पिटलात बोलण्याची एक डॉक्टर मिळाली, तरुण पोरगी. ती म्हणाली, “आजी, ही मुद्दाम करत नाही. हिला बोलायची भीती बसली आहे. बोलेल तेव्हा हिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा.”

“बोललीच नाही तर थांबायचं कशासाठी?” मी विचारलं.

“तरी थांबा,” ती म्हणाली.

दहावीची तोंडी परीक्षा जवळ येत होती. भाषेच्या विषयांना बाईंसमोर बसून बोलावं लागतं. लेखी पेपर समू लिहील याची कुणाला शंका नव्हती. तोंडीला ती जाणारच नाही, याचीही नव्हती.

अशा दिवसांत ते कागद सुरू झाले. मिलिंद तपासणीच्या लॅबमध्ये आहे, तिथले छापताना बिघडलेले कागद घरी आणतो. एका बाजूला कुणाची तरी साखर, कुणाचं रक्त. दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर समू चित्रं काढायला लागली. चौकोन आखायचे, चौकोनात माणसं, माणसांच्या तोंडातून फुगे. एक दिवस मी गच्चीवर कुरडया राखत बसले होते, तर ती आली आणि माझ्या मांडीवर कागद टाकून शेजारी बसली. आईकडं गेली नाही, माझ्याकडं आली. आई काय झालं म्हणून विचारत राहते, मी विचारत नाही, एवढंच कारण असावं.

मला मनातल्या मनात वाचता येत नाही. मी बोट ठेवून, अक्षर जुळवून, मोठ्यांदा वाचते. आमच्या गुरुजींनी चिन्हंसुद्धा म्हणायला लावली होती, म्हणजे लिहिताना गळत नाहीत. पूर्णविराम आला की पूर्णविराम म्हणायचं. ती सवय गेली नाही.

पहिल्या चौकोनात शाळेच्या ड्रेसमधली एक पोरगी गच्चीच्या कठड्यावर उभी होती. पाठीवर ओढणी बांधलेली, वाऱ्यावर उडतेय. एक पाय हवेत, एक पाय कुरडईत. फुग्यात काहीतरी लिहिलं होतं. मी बोट ठेवलं.

“मी आहे त, आडवी रेघ, त, आडवी रेघ, तडाखा, उद्गारचिन्ह.”

समूनं मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. मी पुढं वाचत राहिले, कारण वाचणं थांबवलं तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. “प, आडवी रेघ, प, आडवी रेघ, पळू नकोस.” तेव्हा तिच्या तोंडातून आवाज फुटला. हसत होती. पोट धरून, नाकातून पाणी येईपर्यंत. खालून सुरेखा पळत आली, हातात कालथा.

“काय झालं आई? काय झालं तिला?”

“काही नाही. मी वाचतेय.”

सुरेखा कालथा घेऊन तिथंच उभी राहिली. कालथ्यावरचं तेल कुरडईवर गळत होतं. मी तिला खाली पाठवलं.

या तडाखाची गोष्ट सांगते. ती घाटकोपरला राहते, दहावीत आहे, उडू शकते, पण दुसऱ्या मजल्याच्या वर नाही, कारण केबलच्या वायरी लागतात. ती बोलताना अडकते आणि अडकलेलं प्रत्येक अक्षर तिच्या तोंडातून खरोखरचं बाहेर पडतं, दगडासारखं. ‘ठ’ कपाळावर बसतो. ‘ट’ आकड्यासारखा कॉलरला अडकतो. ‘प’ एकामागून एक सुटले की माणूस जिन्यावरून गडगडतो. तिचा शत्रू वाक्यचोर. खांद्यावर पोतं घेऊन हिंडतो. कुणी बोलताना जरा थांबलं की उरलेलं वाक्य पळवतो आणि त्याच्या जागी आपलं लावून टाकतो. आणि एकदा लावलं की ते खरं होतं. एक बाई वाण्याला म्हणते, “अर्धा किलो क...” वाक्यचोर म्हणतो, “कबुतरं!” वाणी मुकाट्यानं कबुतरं मोजायला घेतो. एक म्हातारा डॉक्टरला म्हणतो, “माझा गु...” वाक्यचोर म्हणतो, “गुरखा!” डॉक्टर गुरख्याचा एक्स-रे काढतो. म्हाताऱ्याचा गुडघा तसाच.

वाक्यचोराच्या डोक्यावर मिलिंदचं हेल्मेट होतं आणि पायात माझ्या चपला. मी म्हटलं, “या चपला मला मोठ्या होतील इतका मोठा पाय काढलायस.” तिनं कागदावर लिहून दिलं, चोर मोठाच असतो.

मी रोज वाचायला लागले आणि रोज खोड्या काढायला लागले. “ही उडते, मग रिक्षाला हात का करते?” तिनं लिहिलं, जेवण झाल्यावर उडता येत नाही. “ओढणी मागं सोडली आहे, रिक्षाच्या चाकात गेली तर गळफास बसेल.” पुढच्या पानावर तडाखाची ओढणी खरोखर रिक्षात अडकली आणि तिच्या मागून ती फरफटत असल्फ्यापर्यंत गेली. रिक्षावाला म्हणतो, मीटरप्रमाणं होतील. मी हसले. मला हसू येतं हे घरात कुणाला फारसं माहीत नाही.

मग एका पानावर तडाखानं ‘ळ’ सोडला. ळ म्हणजे बेडी, दोन गोल, चोराच्या दोन हातांत बरोबर बसले. चित्र झकास होतं. पण मी म्हटलं, “हे खोटं आहे. ळ नं शब्द सुरूच होत नाही. पहिलं अक्षर अडकतं ना हिचं? मग ळ अडकेल कसा?”

ती विचारात पडली. पेन्सिल चावली. मग म्हणाली, “म-म-मधे. मधे अडकेल. घो-घोटाळ-ळ-ळा.”

म्हणाली. लिहिलं नाही. दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं. मी उठले आणि कुरडया उलट्या करायला लागले. वाळल्या नव्हत्या, उलट्या करताना मोडल्या.

त्यानंतर ती बोलायला लागली, पण माझ्याशीच, आणि तडाखाविषयीच. आईनं “समू, भाजी कुठली करू?” विचारलं की पुन्हा मिठाची गुळणी. सुरेखाला त्याचं फार लागायचं. एकदा ती मला म्हणाली, “तुमच्याशी कबुतरांवर बोलते, आणि आईशी भेंडीवर बोलत नाही.” मी म्हटलं, “मग तू कबुतरांवर विचार.” तिनं खरंच विचारलं. उंबऱ्यात उभी राहून, मॉलमधल्या त्या हसऱ्या आवाजात. समूनं वर बघितलं आणि परत कागदात तोंड घातलं.

माझ्या त्या आडव्या रेघेचं समूनं नंतर निराळंच केलं. अक्षराच्या पुढची रेघ तिनं लांब काढली, फळीसारखी, आणि तडाखाला तिच्यावर बसवलं. एक ‘त’ सुटला, दुसरा अजून आला नाही, तोवर तडाखा रेघेवर बसून पाय हलवतेय, डब्यातली पोळी खातेय. वरून विमान जातंय. खाली वाक्यचोर पोतं उघडं धरून उभा, की हिचं पुढचं वाक्य पळवावं. पण वाक्य तिनं सोडलेलंच नाही, ती त्याच्यावर बसली आहे. चोराला घाम फुटतो. हे चित्र मला सगळ्यात आवडलं. मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, “पोळी जाड काढली आहेस.”

मग कागद थांबले. शेवटच्या पानावर तडाखा परीक्षेच्या खोलीच्या दारात उभी होती. आत टेबलामागं चष्मा लावून वाक्यचोर बसला होता. त्याच्या पुढचा चौकोन रिकामा. बरेच दिवस रिकामाच राहिला.

“पुढं काय?” मी विचारलं.

“म-माहीत नाही.”

“आत जाते का?”

तिनं पेन्सिल दप्तरात टाकली.

तोंडीच्या आदल्या संध्याकाळी घरात भांडण झालं. मिलिंद म्हणाला, उद्या जायचं, नापास होशील. सुरेखा म्हणाली, नको ओरडू तिच्यावर. मिलिंद म्हणाला, मी ओरडत नाही, आणि हे तो ओरडून म्हणाला. शेजारची भांडी वाजायची थांबली. समूनं लॅबचा एक कागद ओढला, त्याच्यावर लिहिलं आणि जमिनीवर सरकवला. मिलिंदनं वाचलं आणि खाली बसला. मग मी वाचलं, मोठ्यांदा, मला तसंच येतं. “मला जायचं नाही. परत गाणं होईल.”

सुरेखा लगेच म्हणाली, “नाही गं बाळा, नाही होणार, कुणी करणार नाही आता तसं.”

मी म्हटलं, “होईल कदाचित. त्यांना आता सवय लागली आहे.”

“आई! असं काय बोलता तिला?”

“मग काय सांगू? मी जाऊन सगळ्यांचे मोबाईल काढून घेणार आहे का? तू घेणार आहेस?”

मिलिंदनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सुरेखा नळाकडं गेली. नळाला पाणी नव्हतं. ती तशीच कोरड्या मोरीपाशी उभी राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण हरलो. पोरगी गेली आपल्या हातातून. उद्या तोंडीला जाणार नाही, परवा कॉलेजात जाणार नाही, मग या खोलीत भिंतीकडं तोंड करून म्हातारी होईल आणि मी ते बघायला नसेन, एवढंच काय ते माझं सुख.

समू माझ्याकडं बघत होती.

“तू य-य-येशील?” ती म्हणाली.

ते तिघांसमोर बोललेलं पहिलं वाक्य. सुरेखानं तोंडावर हात दाबला.

“येते,” मी म्हटलं.

“आ-आत?”

“आत मला कोण सोडणार? बाहेर बसते.”

आता समू बारावीला आहे. ऐकणाऱ्याला वाटेल की मग सगळं ठीक झालं. ती तशीच अडकते, जास्तच म्हणा. तडाखाचे भाग झेरॉक्स काढून अभ्यासिकेत फिरतात. तिथं कुणी कुणाच्या मधे बोललं की पोरं “ए वाक्यचोर, गप रे!” म्हणतात. ज्यांनी हळदीत नाच केला त्यातलेही काही असतील, मी चौकशी केलेली नाही. आणि ते गाणंही अजून आहे. मागच्या महिन्यात आम्ही दोघी नाहूरला माझ्या बहिणीकडं निघालो होतो, तर रिक्षावाल्याच्या मोबाईलवर ते लागलं. तो मान डोलवत होता. समूनं बाहेर बघितलं. मी म्हटलं, “भाऊ, बंद कर.” तो म्हणाला, “का हो आजी, मस्त आहे ना?” घरी आल्यावर समू गप्प झाली. घरातले आम्ही तिघं परत कपड्यांच्या घड्या करायला लागलो, कान दाराकडं. मग ती पुन्हा बोलायला लागली. पण ते दिवस गेले ते गेले, माझ्या आयुष्यातले आता फार उरलेले नाहीत.

यंदा बारावीची तोंडी आहे. गच्चीवर चीक शिजतोय. सुरेखा मला आग्रह करते, दोन घास खा. खाते.

तेव्हाची, दहावीची तोंडी झाली ती अशी. मिलिंद आणि सुरेखाला सुट्टी मिळाली नाही. मी आणि समू डोंगर उतरून गेलो. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर मी बसले, शेजारी पोरांची रांग. पोरं माझ्याकडं बघत होती, मी त्यांच्याकडं बघितलं तशी त्यांनी नजर फिरवली. समूच्या हाताला घाम सुटला होता, तिनं तो माझ्या पदराला पुसला. दारात जाऊन ती थांबली. मागं वळली असती तर मी तिला घरी नेली असती, काही बोलले नसते. ती आत गेली.

दार लोटलेलं होतं. बाईंचा आवाज ऐकू येत होता, चांगला होता, पण दमलेला. सकाळपासून तेच तेच ऐकून कुणीही दमेल. विषय होता, माझा आवडता ऋतू. आधीच्या सगळ्या पोरांनी पावसाळा म्हणून घडाघडा म्हणून टाकलं होतं. समूचा आवाज लागला. “माझा आ...” आणि काही नाही. रांगेतलं एक पोरगं फिसकन हसलं. त्याच्या मागच्या मुलीनं त्याला कोपर मारलं. आत अजून काही नाही. मग “आ-आवडता,” मग पुन्हा थांबणं. मग “ऋ-ऋ-ऋतू.” एक एक शब्द असा येत होता, जशी विहिरीतून भरलेली कळशी वर येते. काय बोलतेय ते मला नीट कळत नव्हतं. बोलतेय एवढं कळत होतं. मग बाई म्हणाल्या, “बस बाळा, छान. वेळ झाली. मी मार्क देते हं. पुढची मुलगी.”

समू बाहेर आली. तोंड लाल, डोळे कोरडे. माझा हात न धरता ती तरातरा फाटकाबाहेर गेली. मी तिच्या मागं, माझ्या गुडघ्यांच्या वेगानं. बाहेर उसाच्या रसाचं दुकान होतं, चरक खडखडत होता, लोक पेले घेऊन उभे होते. तिथं ती वळली.

“मला अ-अजून बोलायचं होतं!”

एवढी चिडलेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. रसवाल्यानंही वळून बघितलं.

“किती राहिलं?” मी विचारलं.

“स-सगळं! नुसतं थंडीचंच बोलून झालं. त्यांनी प-पुढचीला बोलावलं.”

“मग बोल की आता.”

“इ-इथं?”

“मला कुठं पुढचीला बोलवायचं आहे? मार्क माझ्याकडं नाहीत, ते सोड. राहिलेलं सांग.”

तिनं आजूबाजूला बघितलं. पेलेवाले बघत होते. एकाच्या हातात मोबाईल होता. तिनं तोही बघितला. मी भिंतीला पाठ टेकली.

“राहिलेलं नाही,” समू म्हणाली. “प-प-पहिल्यापासून.”